दोन्ही हातांत लोकर

बाई, तुम्ही जाऊन लई वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, कारण मला लिहिता येत नव्हतं. ते कावून येत नव्हतं, हेच सांगायला आज बसले आहे. अक्षर मोठं येतं, ओळ उतरणीला लागते, आणि वेलांटी कुठं पहिली कुठं दुसरी ते आता नातीला विचारता आलं असतं. पण नात सध्या माझ्याशी बोलत नाही, तेव्हा चुका तुम्हीच समजून घ्या. तुमच्याच आहेत त्या.

दिवाळीच्या आधी, पोरगा आणि सून ऊसतोडीला निघायच्या गडबडीत, सुनेनं मला तिच्या फोनवर एक बाई दाखवली. चांगल्या घरातली, सोफ्यावर बसलेली, केस मोकळे. ती विणकामाचे फायदे सांगत होती. विणल्यानं म्हणे बोटांचे सांधे मोकळे राहतात, रक्तदाब खाली येतो, झोप लागते, वाईट सवयी सुटतात, म्हातारपणी विसरायला होत नाही आणि मन शांत होतं. आजच हा छंद लावून घ्या, म्हणाली. सून हसून म्हणते, "आत्या, बगा की, तुमचंच सांगाया लागली ही." मी म्हणाले, "बंद कर तिला. पीठ मळायचं राहिलंय." ती खोटं बोलत होती म्हणून राग आला असं नाही. शब्द न् शब्द खरा होता, म्हणून आला. हे सगळं माझ्या हातांना आधीच ठाऊक होतं, पण आमच्या घरात त्याला फायदा कुणी म्हटलं नाही. रिकामे धंदे म्हणत.

कोयता धरून धरून माझी बोटं सकाळी मुठीतच राहायची. एकेक बोट दुसऱ्या हातानं उघडावं लागे. सुया घेतल्या की चहा उकळेपर्यंत ती वळायला लागत. तंबाखू सुटली ती कुठल्या देवाला बोलून नाही. दोन्ही हात गुंतलेले असले तर मळायची कशानं? सासू बोलायला लागली की मी टाके मोजायला लागे, आणि उलटून बोललं तर मोजणी चुकते, म्हणून गप बसे. सासू मरेपर्यंत लोकांना सांगत होती, माझी सून लई सोशिक. सोशिक कसली, मी बाहीचे टाके कमी करत होते. अंबाजोगाईला दवाखान्यात नवऱ्याला आत नेलं, तेव्हा बाकड्यावरच्या बाया ऊर बडवत होत्या आणि मी लेकीच्या तान्ह्याचं टोपरं विणत होते. एक जण तोंडावर म्हणाली, "काय काळजाची हाय बया, नवरा आत हाय अन् हिचं इणणं चाललंय." हात रिकामे असते तर मी आत घुसून डॉक्टरची गचांडी धरली असती, हे तिला काय सांगायचं. नवरा वाचला नाही. टोपरं पुरं झालं. तेव्हा सोफ्यावरच्या त्या बाईचं सगळं मला मान्य आहे, एक सोडून. मन शांत होतं म्हणते, ते माझं कधी झालं नाही. हात शांत होतात, बाई. मन तिथंच असतं, तुमच्या शाळेत.

तुमची शाळा म्हणजे एक लांब खोली, चार वर्ग चार कोपऱ्यांत. तुम्ही खिडकीपाशी खुर्चीवर बसलेल्या आहात, मांडीवर लोकरीचा गुंडा, आणि पोरं ओरडून पाढे म्हणताहेत. आमचे आई-बाप दिवाळी झाली की कोयता घेऊन खाली कारखान्यांकडं निघायचे, गुढीपाडव्याच्या मागंपुढं परत यायचे, आणि मी त्यांच्या संगं. परत आले की माझ्या बरोबरीच्या पोरी जोडाक्षरांवर गेलेल्या आणि मी तिथंच, कमळाच्या क वर. पहिल्या सालात तुम्ही मला मागं बसवलंत. दुसऱ्या सालात हाक मारलीत, "ये गं इकडे. हात पुढे कर." छडी बसणार म्हणून मी डोळे मिटून हात पुढं केला. तुम्ही दुसराही करायला लावलात, दोन्ही हातांत लोकरीची लड अडकवलीत आणि तिचा गुंडा करायला लागलात. एक लड संपली की दुसरी. पाटी माझ्या पायाशी उताणी पडलेली आणि मी हात पसरून उभी. हात असे गुंतल्यावर पेन्सिल कुठल्या हातानं धरायची, हा विचार ना तुम्ही केलात ना मी. बाकीच्या पोरी जळायच्या, कारण बाईंनी निवडलेली मी. मग तुम्ही सुया दिल्यात, सुलट टाका दाखवलात, उलटा टाका दाखवलात. शिकवताना एकदाही ओरडला नाहीत. टाका सुटला की स्वतः वाकून उचलून द्यायचात. तेवढ्या मायेनं तुम्ही मला एक अक्षर गिरवून दिलं असतंत, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

एकदा मी विचारलं होतं, आठवतं का? तुम्हाला कशाला आठवेल. मी म्हणाले, "बाई, मला बी वाचाया घ्या की." तुम्ही रागावला नाहीत. माझी हनुवटी धरलीत. "अगं, तुला काय करायचंय वाचून? दिवाळी झाली की तू जाणारच. त्यापेक्षा हे शीक, थंडीत कामाला येईल." आणि निघायच्या आदल्या दिवशी मला सुयांची एक जोडी आणि उरलेली लोकर दिलीत. आमच्या आईनं तुमचे पाय धरले. पोरीला शाळेतून काहीतरी मिळालं, याचाच तिला आनंद. छडी मारली असतीत तर घरी जाऊन रडले तरी असते. तुम्ही गोंजारून बाजूला ठेवलंत, आणि बाजूला ठेवलंय हे कळायलाच मला पोरंबाळं व्हावी लागली.

थंडीत कामाला आलं का, तेही ऐका. त्याच सालात मी उसाच्या फडावर बापासाठी टोपी विणली. पांढरी, निळी, आणि तुमच्या घरच्या कुणाच्या तरी स्वेटरातली पिवळी. बापानं ती घालूनच मोळ्या वाहिल्या. तोडलेल्या उसाचा रस मोळीतून डोक्यावर ठिबकतो आणि लोकर तो सगळा पिऊन घेते. संध्याकाळी बाप कोपीपुढं, आमच्या पाचटाच्या झोपडीपुढं, जेवायला बसला तर तोंडात घास आणि टोपीवर मुंग्यांची रांग. शेजारच्या कोपीतला गडी म्हणाला, "लईच गोड डोस्कं हाय बे तुझं, मुंग्या सोडंनात!" आई टोपी झटकत माझ्यावर ओरडली, "सांग तुझ्या बाईला, आमी ऊस तोडतो म्हणावं, हाफिसात न्हाई बसत." बाप मात्र हसत होता. पुढं तो ती कोपीत आल्यावरच घालायचा, आणि भोकं पडेपर्यंत घातली. हे मी तुमच्या बाजूनं लिहिते आहे. तुमच्या बाजूनं आणखी लिहायचं तर चार वर्ग तुम्ही एकट्या ओढत होता, आणि एस.टी. चुकली की उन्हातान्हात पायी यायचात. हे मला आता कळतं. कळलं म्हणून राग जातो असं नाही.

वाचायला मी शिकले ते पोरगा पहिलीत गेल्यावर. धाकट्या लेकीच्या वेळी बाळंत झाले म्हणून त्या सालात मी गावातच राहिले होते. तो पाटी घेऊन चुलीपुढं बसायचा आणि मी त्याच्या शेजारी, त्याचा अभ्यास घेते असं दाखवून. खरं तर तोच माझा घ्यायचा. "आये, तुझा ग उलटा झालाय," म्हणून हसायचा. तेवढ्या दिवसांत मी सुयांना हात लावला नाही, कारण दोन्ही एकदम होत नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. डोळे अक्षरावर असले की टाके सुटतात आणि डोळे टाक्यांवर असले की अक्षर. जे मला, दोन लेकरांच्या आईला, एका दिवसात कळलं, ते तुम्हाला एवढ्या वर्षांत कळू नये?

आता ह्या सालाचं सांगते. पोरगा-सून खाली गेले आणि नातीला माझ्यापाशी ठेवलं. चौथीला आहे. मागची दोन सालं ती त्यांच्या संगं होती, कोपीत बसून धाकट्या भावाला सांभाळायला. ह्या साली मी भांडून ठेवून घेतली. निघताना ट्रकच्या फळीला धरून पोरानं मला बजावलं, "आये, ह्या साली तिला वाचाया आलं तर राहू दी. न्हाई आलं तर फुडल्या साली संगं नेतो. बारक्याला बगाया कुणीतरी लागतंयच, अन् हितं नुसती बसून काय करती?" वाईट नाही तो. त्याचं गणित सरळ आहे. पण त्या गणितात पोरीच्या वाट्याला एकच साल आलं.

शाळेत सध्या एक तरुण सर आहे. चांगला माणूस आहे हे आधीच लिहून ठेवते, कारण मी त्याला लई बोलले. मला ओट्यावर विणताना बघून तो आला आणि म्हणाला, "आजी, शनिवारी छंद वर्ग घेता का? मुलांना शिकवा." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. नांदूरघाटच्या बाजारातून लोकर आणली. तिला लोकर म्हणायचं. मेंढरानं ती कधी बघितलेली नाही. शनिवारी मी शाळेत खुर्चीवर बसायला लागले आणि पोरं-पोरी माझ्याभोवती. पोरं आधी लाजली, मग सुयांच्या तलवारी करून भांडली, मग शिकली. सगळ्यांत पुढं माझी नात. घरी आलो की आम्ही दोघी भिंतीला टेकून विणायचो. ती दिवसभराचं सगळं सांगायची, कुणी कुणाचा डबा खाल्ला, कुणाला उठाबशा पडल्या, आणि मी हूं हूं करत टाके टाकायची.

एक दिवस ती पाण्याची बाटली विसरली म्हणून मी शाळेत गेले. शनिवार नव्हता. आत वर्ग एका सुरात धडा वाचत होता आणि बाहेर व्हरांड्यात तीन पोरी विणत बसल्या होत्या, माझी नात आणि आणखी दोघी. दोघींचेही आई-बाप तोडीला गेलेले. मी म्हणाले, "काय गं, आत कावून न्हाई?" नात मान वर न करता म्हणते, "आमाला वाचनाच्या तासाला हेच करायचं असतंय. सरांनीच सांगितलंय. बग माजं किती झालं!" आणि तिनं विणलेली पट्टी वर धरून दाखवली. लांब झाली होती. शनिवारच्या तासाला एवढी लांब होत नसते.

सर बाहेर आला. मी विचारायच्या आधीच खूश होऊन सांगायला लागला. "आजी, बघा कशी शांत बसतात. वाचायला उभं केलं की ही रडते, मुलं हसतात. विणल्यानं एकाग्रता वाढते, मी फोनवर बघितलंय तसं. मग वाचन आपोआप येईल."

"मला पन्नास वर्सं झाली इणाया," मी म्हणाले. "आपोआप काय आलं? चष्मा आला."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला. "आजी, तसं नाही—"

"मंग कसं? ज्यांचे आई-बाप गावात हायेत त्यातली एक तरी पोरगी हितं बसवली का तुमी? कोयत्यावाल्यांच्याच कावून?"

त्यानं तीन पोरींकडं बघितलं. हे त्यानं ठरवून केलं नव्हतं, ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. मग हळू आवाजात म्हणाला, "दोन वर्ग आहेत माझ्याकडं, आजी. आणि तिला रोज रडताना बघवत नाही हो." बाई, हे ऐकलं आणि माझ्या हनुवटीला तुमची बोटं लागली. तीच माया. त्या मायेनंच माझं वाटोळं केलं. मी म्हणाले, "रडू दी. रडत रडत वाच म्हणावं. तुमाला बगवत नसंल तर खिडकीतून बाहेर बगा, पण तिला आत घ्या." आणि मी नातीच्या हातातल्या सुया काढून घेतल्या. पट्टीसकट. थोडे टाके निसटले.

ती उठून उभी राहिली, तोंड लाल. "तूच म्हणतीस इणणं चांगलं असतंय! तूच शिकवलं!"

"चांगलंच हाय. शाळा सुटल्यावर चांगलं हाय."

"तू लई वाईट हायस," ती सगळ्या शाळेदेखत म्हणाली. "मला तुझ्यापाशी राहायचंच न्हाई. मी आईकडं जाती."

आणि तिथंच, बाई, मला तुमचा खरा राग आला, आधी आला होता त्याहून मोठा. कारण तिचं बरोबर होतं. माझ्या हातातली लोकर तेव्हा कुणी काढून घेतली असती तर मीही त्या माणसाला हेच म्हणाले असते. तुम्ही वाचायला नको म्हणालात तेव्हा मला आतून बरंच वाटलं होतं. वाचणाऱ्या पोरींत बसून चुकण्यापेक्षा तुमच्या खुर्चीपाशी उभं राहणं लई गोड होतं. तुमच्या पदराला पावडरीचा वास यायचा. लेकराला गोड काय तेवढं कळतं, पुढचं कळत नाही. पुढचं बघायला मोठं माणूस लागतं, आणि त्या खोलीत मोठं माणूस एकच होतं. तुम्ही. मी विचारलं होतं तेव्हा वरवर विचारलं असेल, पण विचारलं होतं ना? माझ्या मनात काय होतं ते मोजून तुम्ही उत्तर देणार होता का? तुम्ही मला रडवायला पाहिजे होतं. तेवढी वाईट बाई व्हायची तुमची तयारी नव्हती, आणि त्या चांगुलपणाची किंमत मी अर्धं आयुष्य मोजली. दवाखान्यात अंगठा उठवला, बँकेत उठवला, एस.टी.ची पाटी दुसऱ्याला विचारली.

त्या दिवसापासून नात माझ्याशी बोलत नाही. भाकरी घेते, ताट धुते, बोलत नाही. मी तिच्या सुया पेटीत टाकून कुलूप लावलं आणि माझ्याही टाकल्या. माझ्या बाहेर आणि तिच्या आत, हा न्याय मला जमला नाही. शिवाय माझ्या हातात दिसल्या की तिचं चित्त तिकडं गेलं असतं. आता सोफ्यावरची ती बाई किती खरं बोलत होती ते मला रोज कळतं. सकाळी बोटं उघडत नाहीत. जेवण झालं की हात कमरेला नसलेली तंबाखूची पुडी शोधतात. संध्याकाळी शेजारीण भिंतीवरून काही बोलली की मी उलटून बोलते. परवा तिला असं काही म्हणाले की ती अजून तोंड फिरवून जाते. शाळेत मात्र फरक पडला. सरानंच वाट काढली, शाळा सुटल्यावर तिघींना थोडा वेळ घेऊन बसतो. पोरं घरी गेलेली असतात, हसायला कुणी नसतं. घरी आली की नात दाराकडं तोंड करून, मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम ओरडून वाचते. अडखळते, रडते, शिव्या दिल्यासारखी परत वाचते. मी भाजी निवडत बसते आणि एक अक्षर बोलत नाही.

पंधरा दिवसांमागं पोराचा फोन आला. "काय आये, येतंय का तिला काही?" मी फोन नातीच्या तोंडापुढं धरला आणि म्हणाले, "बाप हाय. वाच." तिनं माझ्याकडं रागानं बघितलं, पुस्तक काढलं आणि खारीचा धडा वाचायला लागली, तसाच ओरडून. जोडाक्षर आलं की थांबायची, ओठ हलवायची, मग उडी मारल्यासारखी पुढं जायची. फोनमधून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता आणि बारक्याची पिरपिर. पान संपलं तेव्हा पोरगा म्हणाला, "एवढं वरडती कावून? मी काय बहिरा हाय?" मग, "फुडं काय झालं त्या खारीचं?"

"उद्या," नात म्हणाली.

"उद्या तर उद्या. आये, राहू दी तिला तिथंच. फुडल्या साली बी राहू दी. बारक्याचं बगू आमी." मागून सून काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. आता रोज जेवणाच्या आधी फोन येतो आणि खारीचं पुढं काय झालं ते तिला वाचून दाखवावं लागतं. खारीचा धडा कधीच संपलाय. ते दुसऱ्या धड्यावर आहेत. माझ्याशी अजून बोलणं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. तुम्ही राग वाचला नसतात, लाल शाईनं चुका काढत बसला असतात. पेटीचं कुलूप मी पाडव्यापर्यंत काढणार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला कळणार नाही. पोरगी वाचते तेव्हा मी नीट ऐकत नसते. पदराखाली माझी बोटं रिकाम्या हवेत टाके टाकत असतात, सुलट, उलट, सुलट. काल तिनं ते बघितलं. वाचता वाचता थांबली, माझ्या पदराकडं बघत राहिली. मी हात आवळून धरले. मग तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि पुढं वाचायला लागली, जरा हळू आवाजात.